लोबिव्हिया, एकिनॉप्सिस, पुन्हा लोबिव्हिया: निवडुंगांच्या प्रजाती ठरतात कशा?

तुमचा प्रश्न तीन कुंड्यांवरून आला आहे. नोटोकॅक्टस मॅग्निफिकस म्हणून आणलेले रोप आता सगळीकडे पॅरोडिया मॅग्निफिका नावाने दिसते. लोबिव्हिया पेंटलँडीचे लेबल मध्यंतरी खोडून तुम्ही एकिनॉप्सिस केले, आता ते पुन्हा लोबिव्हिया करा म्हणतात. आणि गच्चीवरचे ड्रॅगन फ्रूट हायलोसेरियस होते, ते सेलेनिसेरियस झाले. हे ठरवते कोण, डीएनए आल्यावर काटे, फुले, बिया बघण्याला काही अर्थ उरला आहे का, आणि लेबलवर लिहायचे काय, असे तुम्ही विचारले आहे. (खाली प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज.)

आधी एक गैरसमज दूर करू. तिन्ही नावे डीएनएने बदलली, असे तुम्ही धरून चालला आहात. तसे नाही. नोटोकॅक्टसचे पॅरोडिया झाले ते १९८० च्या दशकात, निवडुंगांच्या डीएनएवर कोणी फारसे काम सुरू केलेले नव्हते तेव्हा. पॅरोडियाचे बी बारीक असते आणि त्याला मोठा मऊसर उंचवटा, म्हणजे स्ट्रोफिओल असतो. नोटोकॅक्टसचे बी मोठे, घंटेसारखे, आणि फुलाचे किंजल्क बहुधा लालसर. दोन टोके पाहिली तर फरक स्वच्छ दिसतो, पण अधल्यामधल्या जाती ओळीने मांडल्या की नेमकी रेघ कुठे मारायची ते सांगता येईना. मग दोन्ही एकत्र केल्या, आणि पॅरोडिया हे नाव १९२३ चे, नोटोकॅक्टस १९२८ चे, म्हणून जुने नाव टिकले. हा निव्वळ डोळ्यांनी दिसणाऱ्या पुराव्यावरचा निर्णय होता. तो न पटणारे संग्राहक आजही आहेत.

निवडुंगांच्या कुलात रेघ मारण्याचा हा वाद पहिल्यापासूनचा आहे. लिनियसने १७५३ मध्ये त्याला ठाऊक असलेले सगळे, २२ जातींचे निवडुंग कॅक्टस नावाच्या एकाच प्रजातीत घातले. ब्रिटन आणि रोझ यांच्या १९१९ ते १९२३ मधल्या चार खंडांत १२४ प्रजाती झाल्या. निवडुंगतज्ज्ञ बॅकेबर्गने १९६० च्या सुमारास त्या २३३ वर नेल्या. फुलाच्या नळीवर केस आहेत की नाहीत, एवढ्यावरही त्याने वेगळी प्रजाती काढली. त्यानंतर एकत्र करणाऱ्यांची पाळी आली. आज बहुतेक तज्ज्ञ दीडशेच्या आसपास प्रजाती मानतात आणि जाती साडेअठराशेच्या घरात. झाडे तीच आहेत, बदलतो तो प्रजाती म्हणजे काय याबद्दलचा समज.

आजचा समज असा: एका प्रजातीत एका पूर्वजाचे सगळे वंशज यावेत, आणि फक्त त्याचेच यावेत. बाहेरचा कोणी आत नको, आतला कोणी बाहेर नको. वाचायला हे सोपे वाटते. पण डीएनए फक्त वंशावळ देतो, प्रजाती देत नाही. मोठ्या एकत्र कुटुंबाची वंशावळ सगळ्यांना मान्य असते, तरी चूल कुठल्या पिढीपासून वेगळी धरायची हे बसून ठरवावे लागते. तसेच हे. त्यामुळे 'डीएनएने सिद्ध झाले की ही वेगळी प्रजाती आहे' असे वाक्य दिसले की मी जरा सावध होतो. अमुक दोन एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत, एवढे डीएनए ठामपणे सांगू शकतो. दोन जवळच्या गटांना एक नाव द्यायचे की दोन, ते माणसेच ठरवतात.

आता तुमच्या लोबिव्हियाकडे येतो. या सगळ्याचा कस लागतो तो इथेच.

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया, पेरू, अर्जेंटिना, चिलीच्या डोंगराळ भागात एक मोठा गट आहे. एकिनॉप्सिस हे नाव १८३७ चे: गोल खोड, लांब नळीची पांढरी फुले, रात्री उमलणारी. ट्रायकोसेरियस १९०९ चे: फुले साधारण तशीच, पण झाड उंच खांबासारखे. लोबिव्हिया १९२२ चे: लहान गोल झाड, आखूड नळीची लाल, पिवळी, नारिंगी फुले, दिवसा उमलणारी. (लोबिव्हिया म्हणजे बोलिव्हियाचीच अक्षरे उलटसुलट केलेली.) या तिघांत संकर इतके सहज होतात आणि मधल्या जाती इतक्या आहेत, की १९७४ मध्ये फ्रीडरिखने ट्रायकोसेरियस आणि लोबिव्हिया दोन्ही एकिनॉप्सिसमध्ये आणल्या. पुढे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेही ते उचलून धरले, आणि तुमचे लेबल पहिल्यांदा बदलले ते यामुळे.

२०१२ मध्ये श्लुंपबर्गर आणि रेनर यांनी या मोठ्या एकिनॉप्सिसचे आणि आसपासच्या प्रजातींचे शंभराहून अधिक नमुने घेऊन हरितलवकातल्या डीएनएचे तुकडे वाचले. अपेक्षा अशी असायला हवी होती की एकिनॉप्सिसच्या सगळ्या जाती वंशावळीच्या एका फांदीवर येतील. तसे झाले नाही, त्या वंशावळभर विखुरल्या. त्यांच्या अधूनमधून क्लाइस्टोकॅक्टस, डेन्मोझा, हॅरिसिया अशा प्रजाती येऊन बसल्या, ज्यांना एकिनॉप्सिस म्हणावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. बरे, मग जुनी तीन नावे परत आणली तर जुळते का? तेही नाही. जुने ट्रायकोसेरियस एका फांदीवर नव्हते, जुने लोबिव्हियाही नव्हते.

असे का झाले, याचे उत्तर फुलांत आहे. लांब पांढरी रात्रीची नळी ही हॉकमॉथ पतंगांसाठी, रंगीत दिवसाचे फूल मधमाश्यांसाठी, लाल अरुंद नळी हमिंगबर्डसाठी. परागण करणारा बदलला की फूल बदलते, आणि तेही उत्क्रांतीच्या मानाने झटपट. एकिनॉप्सिस अँसिस्ट्रोफोरा या नावाने अभ्यासलेल्या एकाच जातीत फुलाची लांबी ५ सेंमीच्या आसपासपासून २० सेंमीच्या पुढेपर्यंत मिळते. कुठली वस्ती मधमाश्यांवर जगते, तर कुठली पतंगांवर. एका जातीत एवढा फरक पडत असेल तर त्याच खुणेवर प्रजाती उभी करणे धोक्याचेच. खांबासारखी वाढ आणि गोल वाढ यांचेही तेच. एका वंशात गोलाचा खांब होतो, दुसऱ्यात खांबाचा गोल.

तेव्हा दोनच वाटा होत्या. क्लाइस्टोकॅक्टस, हॅरिसिया सगळे गिळून एक अवाढव्य एकिनॉप्सिस करायची, किंवा ती तोडून लहान, पण खऱ्या नात्याच्या प्रजाती करायच्या. संशोधकांनी दुसरी वाट घेतली, आणि माझ्या मते बरोबर घेतली. लोबिव्हिया, सोएरेन्सिया, ल्यूकोस्टेले, कॅमेसेरियस, अकँथोकॅलिशियम अशी जुनी नावे पुन्हा वापरात आली. मात्र परत आलेला लोबिव्हिया हा १९२२ चा लोबिव्हिया नव्हे. नाव तेच, आतली माणसे वेगळी. नर्सरीत कलमासाठी खुंट म्हणून वापरतात तो ट्रायकोसेरियस स्पॅकियानस आता सोएरेन्सियात आहे, आणि तो ज्याच्यासारखा दिसतो तो सॅन पेद्रो मात्र ट्रायकोसेरियसमध्येच राहिला. तुमचे पेंटलँडी तर लोबिव्हियाचा आधारनमुना, म्हणजे ते नाव ज्या जातीला बांधलेले आहे ती जात. लोबिव्हिया ही प्रजाती जोवर कोणीतरी मान्य करतो, तोवर पेंटलँडी तिच्यातून बाहेर जाऊच शकत नाही.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे. शरीराच्या खुणांना किंमत उरली आहे, फक्त कुठल्या खुणेला किती, हे पुन्हा तपासावे लागले. कुठल्याही खुणेला मी पहिला प्रश्न विचारतो: ही बदलायला किती सोपी आहे? फुलाचा रंग, झाडाची उंची, काट्यांची लांबी, आकडीसारखा वाकलेला काटा, या खुणा हवामान आणि परागण करणारे पाहुणे बघून वारंवार बदलतात. बियांच्या कवचावरची नक्षी, फुलाच्या बुडाशी असलेले खवले आणि त्यांच्या काखेतले केस, खोडातल्या लाकडाची रचना यांच्याकडे या पाहुण्यांचे तितकेसे लक्ष नसते, म्हणून त्या जास्त काळ टिकतात. बार्थलॉट आणि हंट यांनी २००० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या बियांच्या प्रतिमांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. तो आजही कामाला येतो.

ॲस्ट्रोफायटम कापुट-मेड्युसे हे याचे उत्तम उदाहरण आहे. मेक्सिकोच्या न्युवो लिओन राज्यात २००१ मध्ये ते सापडले. ॲस्ट्रोफायटम म्हणजे धारांचे, ताऱ्यासारखे गोल झाड. हे तर जमिनीतून लांब बोटे वर आल्यासारखे, धारा नाहीत, गोलवा नाही. साहजिकच २००२ मध्ये त्याला डिजिटोस्टिग्मा नावाची स्वतंत्र प्रजाती दिली गेली. पण फूल पिवळे, गळ्याशी लालसर, अंगावर तेच पांढरे ठिपके, बीही ॲस्ट्रोफायटमचेच. दुसऱ्याच वर्षी हंटने ते ॲस्ट्रोफायटममध्ये नेले, आणि पुढे डीएनएनेही त्याला तिथेच ठेवले. फूल आणि बी नीट पाहणाऱ्याला इथे डीएनएची वाट पाहावी लागली नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर बी म्हणजे देववाणी असे वाटेल. ब्लॉसफेल्डिया लिलिपुटाना हा जगातला सर्वांत लहान निवडुंग, सेंटीमीटरभराचा. तो पॅरोडियाच्या आसपासचा मानला जायचा. २००२ मध्ये न्यिफेलरने हरितलवकातले दोन भाग तपासले, तेव्हा ब्लॉसफेल्डिया कॅक्टॉइडी या सर्वांत मोठ्या उपकुलातल्या बाकी सगळ्यांच्या आधी वेगळा झालेला निघाला. पॅरोडियाशी दिसणारे साम्य नात्याचे नव्हतेच. ही गोष्ट नुसत्या निरीक्षणाने कोणाला कळली असती असे मला वाटत नाही.

दोन्ही पुरावे एकमेकांत चपखल बसलेले पाहायचे असतील तर पेरेस्किया घ्या. खरी पाने असलेला, झुडपासारखा हा निवडुंग आपल्याकडेही बागांत लावतात. एडवर्ड्स, न्यिफेलर आणि डॉनह्यू यांनी २००५ मध्ये दाखवले की पेरेस्कियाच्या १७ जाती एका घरच्या नाहीत. कॅरिबियन आणि आसपासच्या आठ जाती आधीच फुटल्या, आणि दक्षिणेकडच्या नऊ जाती उरलेल्या सगळ्या निवडुंगांना जास्त जवळच्या आहेत. पाने, फुले पाहून हे कळत नाही. मग खोडे तपासली. दक्षिणेकडच्या गटात साधारणपणे हिरव्या खोडावर पर्णरंध्रे असतात आणि साल उशिरा धरते, उत्तरेकडच्या गटात खोडावर पर्णरंध्रे नसतात आणि साल लवकर धरते. पाने टाकून खोडाने अन्न तयार करण्याकडे जी वाटचाल झाली, तिचे पहिले पाऊल इथे दिसते. उत्तरेकडच्या गटाला आता ल्यूएनबर्गेरिया म्हणतात. बागेत पेरेस्किया ब्लिओ म्हणून मिळते ते यातलेच, पेरेस्किया ग्रँडिफोलिया मात्र पेरेस्कियाच राहिले. खोडावर नेलपॉलिशचा पातळ थर देऊन, वाळल्यावर चिकटपट्टीने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की रंध्रांचा ठसा दिसतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहज होते.

जाता जाता: या सगळ्या कुलाच्या अगदी जवळच्या नातेवाइकांत आपली घोळाची भाजी येते, आणि कुंपणाचा त्रिधारी निवडुंग किंवा शेर येत नाही. ते युफोर्बिया. काटे ज्या लोकरीच्या गादीतून, अरिओलमधून येतात, ती गादी निवडुंगातच असते.

डीएनएच्याही मर्यादा आहेत आणि त्या निवडुंगात जरा जास्तच जाचतात. सुरुवात होते ती खोडातल्या चिकट द्रवापासून. नेहमीच्या पद्धतीने डीएनए काढला की हाती गोळा येतो आणि पुढची कुठलीच प्रक्रिया चालत नाही. म्हणून गराऐवजी मुळांची टोके, पाकळ्या किंवा वरची पातळ साल घ्यावी आणि ती सिलिका जेलमध्ये चटकन वाळवावी.

त्याहून मोठी अडचण म्हणजे वाचायचे काय. हरितलवकाचा डीएनए वाचायला सोपा, पण तो साधारणपणे आईकडूनच येतो. म्हणजे झाड संकराचे असले तर बापाचा पत्ताच लागत नाही. आणि संकर तर निवडुंगात प्रजातींच्या सीमा ओलांडून होतात. बाहा कॅलिफोर्नियात पॅकिसेरियस प्रिंगलेई आणि बर्गेरोकॅक्टस यांचा संकर रानातच उगवतो. म्हणून 'दोघांचा संकर होतो, म्हणजे प्रजाती एकच' हा युक्तिवाद इथे चालवू नका. केंद्रकातला डीएनए वाचावा, तर इतर वनस्पतींत नेहमी वापरला जाणारा आयटीएस हा भाग निवडुंगात एकाच झाडात अनेक रूपांत आणि मोडक्या प्रतींत सापडतो. ओपन्शियात, म्हणजे फड्या निवडुंगात, तर गुणसूत्रेच दुप्पट, चौपट झालेली. मूळ संख्या ११, आणि त्यावर संकरांचे थर. तिथे फांद्या फुटणारा वृक्ष काढण्यापेक्षा जाळे काढणेच जास्त खरे ठरते.

काही पुरावे मात्र फार सुंदर असतात. हरितलवकातल्या आरपीओसी-१ या जनुकात एक इंट्रॉन, म्हणजे प्रथिन बनवताना गाळला जाणारा तुकडा, असतो. कॅक्टॉइडी उपकुलात तो नाहीसा झालेला आहे, हे वॉलेस आणि कोटा यांनी १९९६ मध्ये दाखवले. एखादे अक्षर बदलून पुन्हा पूर्ववत होऊ शकते, पण गेलेला अख्खा तुकडा जसाच्या तसा, त्याच जागी परत येणे जवळजवळ अशक्य. अशी एक खूण हजार अक्षरांच्या बदलांपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

आता कोणी म्हणेल, दोनचार भाग कशाला, अख्खा जीनोमच, म्हणजे सगळा डीएनए, वाचा. तेही झाले. कोपेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ॲरिझोनाच्या सग्वारोचा आणि त्याच्या नात्यातल्या खांबांसारख्या निवडुंगांचा जीनोम तपासला. निष्पन्न काय, तर वेगवेगळी जनुके वेगवेगळी वंशावळ सांगतात. सग्वारोला पहिले फूल यायलाच कित्येक दशके लागतात. पिढ्या इतक्या लांब असल्या आणि नव्या जाती भराभर फुटल्या की पूर्वजातली जुनी विविधता चाळली जाण्याआधीच पुढच्या फाट्यात जाते. मग दोन लांबच्या जातींत सारखी खूण दिसते, ती नव्याने आलेली नसते आणि जवळच्या नात्याचीही नसते. हे कुल सुमारे साडेतीन कोटी वर्षांचे, पण आजच्या बहुतेक मोठ्या शाखा गेल्या कोटभर वर्षांत पसरल्या. वंशावळीचे मधले सांधे म्हणूनच आखूड आणि कमकुवत आहेत. शोधनिबंधातली आकृती पाहताना प्रत्येक सांध्याशी लिहिलेला आकडा बघा. बूटस्ट्रॅप, म्हणजे त्या सांध्याला शंभरापैकी किती आधार मिळतो तो आकडा, ९५ असेल तर विश्वास ठेवा, ६० असेल तर त्या जोरावर लेबल बदलू नका.

ड्रॅगन फ्रूटचे थोडक्यात. हायलोसेरियसच्या फळावर रुंद हिरवे खवले, काटे नाहीत. सेलेनिसेरियसच्या फळावर काटे आणि केस. फरक पुरेसा वाटला होता, पण पिवळे ड्रॅगन फ्रूट मध्ये आले. खोड तीनधारी, हायलोसेरियसचे, फळ काटेरी, सेलेनिसेरियसचे, आणि गुणसूत्रे चौपट. ते एकदा इकडे, एकदा तिकडे टाकून झाले. २०१७ मध्ये कोरोत्कोव्हा, बोर्श आणि आरियास यांनी डीएनए तपासला तेव्हा या दोन प्रजाती वेगळ्या ठेवता येईनात, म्हणून त्या एक केल्या. दोन्ही नावे १९०९ चीच होती. सेलेनिसेरियस निवडले गेले.

नावांचा हा खेळ कागदावरच राहत नाही. १७९५ मध्ये भारतात किरमिजी रंगासाठी म्हणून कोचिनील किडा आणला, तो रंगाचा निघालाच नाही. पण त्याने ओपन्शिया मोनॅकँथा खाऊन साफ केला आणि फड्या निवडुंगाच्या दुसऱ्या जातींना हात लावला नाही. त्यांच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेहून वेगळ्या जातीचा किडा आणावा लागला. तेव्हा कुठे दख्खनमधली निवडुंगाची रानेच्या राने बसली. आपल्याला सगळे फडे सारखे दिसतात, किड्याला दिसत नाहीत.

आता लेबल. ज्या नावाने रोप आले ते नाव कधीही पुसू नका. संग्राहकाचा क्रमांक असेल, उदाहरणार्थ लोबिव्हियांवर वॉल्टर राउशचे डब्ल्यूआर क्रमांक असतात, तर तो नावापेक्षा महत्त्वाचा, कारण त्यावरून रोप कुठल्या डोंगरावरचे ते कळते. नाव पुढे दहादा बदलले तरी ती जागा बदलत नाही. मागच्या बाजूला रोप कधी, कुठून घेतले ते पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई उन्हाने उडते. बाहेरच्या देशातून बी किंवा रोप मागवताना मात्र परवान्याच्या कागदांवरचे नाव सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीप्रमाणेच लागते. ती यादी नव्या संशोधनाच्या मागून चालते, म्हणून तिथे हट्ट करू नका. टर्बिनिकार्पससारख्या काही प्रजाती पहिल्या परिशिष्टात आहेत, बाकी जवळजवळ सगळे कुल दुसऱ्यात. चुकीच्या नावाने आलेला माल तिथेच अडकतो.

तुमच्या तीन कुंड्यांपुरते सांगायचे तर पेंटलँडीवर बिनधास्त लोबिव्हिया लिहा. ड्रॅगन फ्रूटवर सेलेनिसेरियस लिहा, पण रोपवाटिकेत हायलोसेरियसच मागा, नाहीतर त्यांना कळणार नाही. मॅग्निफिकावर पॅरोडिया लिहून खाली बारीक अक्षरांत नोटोकॅक्टस ठेवा. त्या गटाचे नवे काम अजून चालू आहे, आणि तेच नाव परत वर आले तर मला नवल वाटणार नाही.